आधी धूर काय म्हणतो बघू

कुणाच्याही घरी गेले की चपला काढता काढता आमच्या दादांचा पहिला प्रश्न असायचा, "उदबत्ती आहे का हो घरात?"

घरातल्या बाईला बरं वाटायचं. इतकी वर्षं दुबईत राहून माणसाने देवाधर्माचं सोडलेलं नाही म्हणायची आणि लगबगीने उदबत्ती पेटवून आणून द्यायची. हे महाशय ती घेऊन थेट बाथरूममध्ये! तिथे गॅसचा गीझर असला तर त्याच्या डोक्याशी उदबत्ती धरायची, मान वाकडी करायची आणि बघत उभं राहायचं. गीझर विजेचा निघाला तर स्वयंपाकघरात एक्झॉस्टच्या पंख्याखाली तोच प्रकार. नमस्कार नाही, स्तोत्र नाही. यजमानीणबाई बिचारी गोंधळून विचारायची, "काय करताय भाऊजी?" तर म्हणायचे, "थांबा वहिनी. आधी धूर काय म्हणतो बघू."

तुमच्याही ओळखीत एखादा असा असेल. जेवायला बोलवावं तर ताटाऐवजी छताकडे बघणारा. आमचे हे दादा त्यातले. दुबईतच रास अल खोरला त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतला धूर बाहेर नेणारे डक्ट आणि धुरांडी तिथे बनायची. वर लाकडी जिना चढून एक खोक्यासारखी केबिन होती, तिथे मी बसायचे. कोटेशन टाइप करायचे, फोन घ्यायचे आणि दादांनी गिऱ्हाइकाचा अपमान केला की सारवासारव करायचे. तिसरं काम सगळ्यात मोठं होतं. मी त्यांना दादा म्हणायचे, ते मला वहिनी. गंमत म्हणजे ताई कुणालाच म्हणत नसत. आईच्या वयाची बाई असो की काल कॉलेजातून निघालेली पोरगी, गिऱ्हाइकं सोडली तर सगळ्या सरसकट वहिनी.

ते तेजीचे दिवस होते. लोकांना काय सुचेल त्याचा नेम नव्हता. वाळवंटात शेकोटी! एसी सोळावर लावायचा आणि मग शाल पांघरून फायरप्लेससमोर बसायचं. जळलं मेलं ते लक्षण, मी म्हणायचे. पण कामं धो धो येत होती. एकदा आपल्या पुण्याकडच्याच एक बाई आल्या. त्यांच्या इंटिरियरवाल्याने ठरवलं होतं की धुरांडं फॉल्स सीलिंगपर्यंतच न्यायचं, कारण गच्चीवर पाइप दिसला तर व्हिलाची शोभा जाते.

"मॅडम, धुराला फॉल्स सीलिंग कळत नाही," दादा म्हणाले.

"अहो, रोज थोडीच पेटवणार आहोत? पार्टी असेल तेव्हाच."

"मरायला एक पार्टी पुरते."

मी टेबलाखालून त्यांच्या बुटावर पाय दिला, पण बाण सुटला होता. बाई पर्स उचलून गेल्या. मी चिडले. म्हटलं, दादा, बोलायची काही रीत? चांगल्या घरची बाई, चार कामं आणखी आणली असती. ते म्हणाले, "पाइप छताच्या वर हातभर गेला पाहिजे. नाही जात तर काम नको. खलास." आणि खाली जाऊन पत्रा कापायला लागले.

मला तेव्हा वाटायचं, हा माणूस नाकाने कांदे सोलतो. मग ती भाऊबीज आली.

कामगार दिवाळीचे लाडू खाऊन खाली पांगले होते. मला वाटलं, एकटा माणूस, बायको नाही, मुलंबाळं नाहीत, आपण ओवाळावं. घरून तबक, निरांजन, सुपारी, सगळं डब्यात घालून नेलं होतं. त्यांना खुर्चीत बसवलं आणि निरांजन लावलं, तर हा माणूस चटका बसल्यासारखा उठून भिंतीला टेकला.

"नको वहिनी. मला कुणाकडून ओवाळून घ्यायचं नाही."

"का? मी काय परकी?"

"तसं नाही. आधी अक्कानं ओवाळायला पाहिजे."

मला राग आला. तबक बाजूला सारत म्हटलं, मग अक्कांकडे जा की! विमानं काय बंद पडलीत? टेबलावरचा फोन ओढून त्यांनी कऱ्हाडचा नंबर लावला. पलीकडे कुणी पुरुष बोलत होता. दादांनी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला.

"अक्का देवळात गेलीय," म्हणाले.

मागच्या भाऊबीजेलाही ती देवळात होती. त्याच्या मागच्याही. मग खुर्चीत बसून त्यांनी मला सगळं सांगितलं.

आधी ते रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात नोकरीला होते. कऱ्हाडला अक्काने नवीन बाथरूम बांधायला काढलं. हा धाकटा भाऊ. लहानपणी तिच्याच हातून न्हालेला. पहाटे उठून अक्का बंब पेटवायची, फुंकर मारून मारून तिचे डोळे लाल व्हायचे, ते त्याच्या डोक्यात होतं. मग हा दर सुट्टीला बॅगेतून टाइल्स नेऊ लागला. पांढऱ्या, निळ्या वेलीच्या. लोक खजूर नेतात, अत्तरं नेतात, हा टाइल्स! विमानतळावर बॅग उचलताना हमाल शिव्या घालायचे. आणि शेवटच्या सुट्टीत भाऊबीजेची ओवाळणी म्हणून गॅसचा गीझर नेला. म्हणाला, अक्का, आता तुझ्या डोळ्यांत धूर नाही जायचा.

गीझरबरोबर खोक्यात धूर बाहेर नेणारा पाइप होता. तो बसवायचा तर भिंतीला भोक पाडायला हवं होतं आणि नेमकी तिथे वेलीची टाइल आली होती. गवंडी म्हणाला, एक फोडावी लागेल. हा म्हणाला, "नको. खिडकी आहे की वर. टाइल राहू दे."

दादांनी खुर्ची भिंतीकडे वळवली. खाली कुणीतरी पत्रा आपटला.

"थंडी पडली तशी खिडकी लावून घेतली त्यांनी. कुणीही लावेल. अक्काची धाकटी आंघोळीला गेली. आठ वर्षांची असेल. बराच वेळ झाला तरी बाहेर येईना. वहिनी, दिसणारा धूर बरा. डोळ्यात जातो, खोकला येतो, माणूस पळतो. हा दिसत नाही, वासही येत नाही. नुसती झोप येते."

निरांजन अजून तेवत होतं, ते मी विझवलं.

अक्का तेव्हापासून त्यांच्याशी बोलली नव्हती. गीझर तिने उकिरड्यावर फेकला होता, बाथरूमला कुलूप लावलं होतं आणि परसात पुन्हा बंब पेटायला लागला होता. दादांनी कारखाना सोडून हे धुरांड्यांचं काम धरलं. लग्न केलं नाही. त्यांना ह्या जगात दुसरं काही नको होतं. अक्काने एकदा पाट मांडावा आणि ओवाळावं, बस. हे मला कळलं आणि त्या पुण्याच्या बाईंचा विषय मी पुन्हा काढला नाही.

मग मंदी आली. आली म्हणजे काय, एका महिन्यात फोन वाजायचे बंद झाले. ज्यांच्या फायरप्लेस अर्ध्या झाल्या होत्या त्यांचे नंबर लागेनात. जुमेराच्या एका व्हिलासाठी बनवलेलं स्टीलचं धुरांडं, आरशासारखं पॉलिश केलेलं, खाली तसंच पडून राहिलं. एकेक कामगार निरोप घेऊन गेला. शेवटी दादा आणि मी दोघंच उरलो आणि मग त्यांनी मलाही घरी पाठवलं. "वहिनी, टाइप करायला काही असेल तर बोलावतो, इन्शाल्ला," म्हणाले. दोघांनाही माहीत होतं की काही असणार नाही.

आमच्या ह्यांची नोकरी बिल्डरच्या ऑफिसात. तीही गेली. अल मजाजचा तळ्यासमोरचा फ्लॅट सोडला आणि शारजातच एका जुन्या व्हिलात एक खोली घेतली. चार कुटुंबं, मधे प्लायवूड. शेजारी कुकरची शिट्टी झाली की मी आमचा गॅस बंद करायला उठायचे. विजेचा लोड झेपेना म्हणून मालकाच्या माणसाने सामाईक बाथरूममध्ये सिलिंडरवरचा गीझर लावून दिला होता. उन्हाळ्यात त्याची गरजच नसते, टाकीतलं पाणीच कढत येतं. पण डिसेंबर लागला आणि सगळी त्याच्यावर अवलंबून राहिलो.

समोरच्या खोलीत नाईक म्हणून होते. माणूस हुशार, हौशी. मराठी चॅनेल दिसावीत म्हणून त्यांनी गच्चीवर डिश लावली. वायर आत आणायला मालक भिंतीला भोक पाडू देईना. तेव्हा नाईकांनी ती गीझरच्या धुराच्या पाइपातून आत घेतली आणि कबुतरं नि वाळू येऊ नये म्हणून उरलेल्या फटीत जुना टॉवेल कोंबला. आम्ही सगळ्यांनी वा वा केली. रात्री चारही घरं एकत्र बसून मालिका बघायला लागलो. मंदीत तेवढंच सुख. बाथरूमच्या खिडकीची एक काच फुटलेली होती, तिथे थंडी वाजते म्हणून पुठ्ठाही मीच लावला. सईला, माझ्या मुलीला, आंघोळीनंतर डोकं दुखायचं. मी म्हणायचे, केस नीट पूस.

संक्रांतीला दादा तिळगूळ घ्यायला आले. वाळले होते. बसले, लाडू खाल्ला आणि म्हणाले, "उदबत्ती आहे का?"

मला हसू आलं. दिली. ते बाथरूममध्ये गेले, गरम पाण्याचा नळ सोडला, गीझर भडकला. सई दारात उभी.

"मम्मा, व्हाय इज अंकल डूइंग पूजा इन द बाथरूम?"

मी बघायला गेले. उदबत्तीचा धूर सरळ वर चढला. गीझरच्या डोक्यावरच्या फटीत तो ओढला जायला हवा होता. तो तिथवर गेला, घुटमळला आणि मागे फिरून दादांच्या तोंडावर आला. त्यांनी पुन्हा धरली. पुन्हा तेच. नळ बंद केला, सिलिंडर बंद केला, खिडकीचा पुठ्ठा ओरबाडून काढला. मग सईकडे वळून विचारलं, "बाळ, डोकं दुखतं का गं तुझं?"

"ओन्ली आफ्टर बाथ, अंकल."

ते उंबऱ्यावर मटकन बसले. ओल्या फरशीवर, इस्त्रीच्या पँटने. सईला मी इतकी घट्ट धरली की ती ओरडली.

गीझर त्यांनी तिथल्या तिथे भिंतीवरून उतरवला. आरडाओरडा झाला. नाईक म्हणाले, कोण हो तुम्ही? इतके दिवस काही झालं नाही ते! दादा म्हणाले, "इतके दिवस खिडकी फुटकी होती म्हणून." कुणाची मुलाची परीक्षा, कुणाची सकाळची ड्यूटी, गार पाण्याने आंघोळ कोण करणार? दादांनी कुणाशी वाद घातला नाही. गीझर गाडीत टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले ते टेम्पो घेऊनच. त्यात ते जुमेराच्या व्हिलाचं चकचकीत धुरांडं! आमच्या पडक्या घराच्या डोक्यावर ते चढणार होतं. भिकाऱ्याच्या डोक्यावर जरीची टोपी. मालकाचा माणूस हातवारे करत आला, तर दादा म्हणाले, "यल्ला हबीबी, अरबाबको बोल मैने तोडा." अरबाब म्हणजे मालक.

भोक मोठं पाडायचं होतं आणि तिथे टाइल होती. साधी, पिवळट, कडेला तडा गेलेली. त्यांनी छिन्नी टेकवली, हातोडा उचलला आणि तसेच उभे राहिले. मी म्हटलं, दादा, ह्यांना बोलावू का? त्यांनी मान हलवली. मग एकच घाव घातला. टाइल फुटून खाली पडली. त्यांनी हातोडा ठेवला आणि अंगणात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे गेले.

"एवढंच होतं वहिनी," ते म्हणाले. "एवढंच करायचं होतं."

मोठा माणूस असा रडताना मी पहिल्यांदा पाहिला. मलाही रडू आवरलं नाही.

पाइप बसला, छताच्या वर हातभर गेला. उदबत्ती धरली तर धूर सुळकन आत. नाईकांची वायर मात्र बाहेरच राहिली आणि मालिका बंद झाल्या म्हणून शेजारणी माझ्याशी महिनाभर धड बोलल्या नाहीत. सईचं डोकं पुन्हा दुखलं नाही. माझी पोर आज आहे ती त्या माणसामुळे, हे मी कुणालाही छाती ठोकून सांगेन.

त्याच वर्षी वर्कशॉप कायमचं बंद झालं आणि व्हिसा रद्द करून दादा निघाले. आम्ही विमानतळावर सोडायला गेलो. सामान म्हणजे एक बॅग आणि गोणपाटात गुंडाळलेला लांबट ऐवज.

"हे काय?"

"पाइप. त्याच धुरांड्याचा उरलेला तुकडा. वरची टोपीपण आहे."

"विमानातून नेणार?"

"टाइल्स नेल्या तेव्हा कुणी अडवलं होतं?" ते चक्क हसले. "ह्या दिवाळीला फोन नाही करणार वहिनी. दारातच उभा राहतो. मी दारात असताना ती देवळात कशी जाईल?"

काउंटरवरच्या पोराने विचारलं, व्हॉट इज धिस, सर? दादा म्हणाले, चिमणी. फॉर माय सिस्टर.

त्या दिवाळीला त्यांचा फोन आला. मी पहिलंच विचारलं, दार उघडलं? "उघडलं. बोलली नाही. चहा दिला. वहिनी, दोन चमचे साखर होती. मला दोन लागतात, विसरलेली नाही." पाइप? "बाथरूमला कुलूप आहे. गोणपाट परसात ठेवून आलोय."

पुढच्या वर्षी, "अक्कानं किल्ली दिली. हातात नाही दिली, ओट्यावर ठेवून गेली." आणि ओवाळलं का? "घाई करू नका हो. टाइल फोडली मी. पाइप लावला. आज तेवढंच." मी फोनवर ओरडले, अहो, आता काय उपयोग त्या पाइपाचा! ते म्हणाले, उपयोग नाही, ठाऊक आहे मला.

आणि मग एका श्रावणात त्यांचा अवेळी फोन. आवाज पोरासारखा. "वहिनी, अक्का बोलली! म्हणाली, ह्या भाऊबीजेला पाट मांडते. नवा करायला टाकलाय सुताराकडे, शिसवी."

मी देवापुढे साखर ठेवली.

नवरात्राच्या आधी कऱ्हाडहून फोन आला. बाईचा आवाज, ओळखीचा नाही. "मी अक्का बोलते." मी खुर्चीत बसले. कधी फोनवर न येणारी बाई आपणहून बोलत होती, म्हणजे काय ते मला समजलंच. दादा झोपेतच गेले होते. हृदय. "तुमचं नाव असायचं त्याच्या तोंडात," अक्का म्हणाली. "दिवाळीत या म्हणजे झालं."

मी गेले. सईला घेऊन गेले. अक्का बारीक, ताठ बाई. त्यांच्या घरात यंदा सण नव्हता, दारात रांगोळी नव्हती. तिने मला परसात नेलं. बंब एका कोपऱ्यात होता. बाथरूमच्या भिंतीतून तो स्टीलचा पाइप निघून कौलांच्या वर हातभर गेला होता, डोक्यावर टोपी. आत गेले. पांढऱ्या टाइल्स, निळी वेल आणि एका टाइलच्या जागी गोल भोक, कडा कानसून गुळगुळीत केलेल्या. खाली गीझर नव्हता, काही नव्हतं.

"यायचा, उदबत्ती लावायचा आणि इथं धरून बसायचा," अक्का म्हणाली. "म्हटलं नाही कधी, पण बघायची मी खिडकीतून. जातोय गं धूर, म्हणायचा. मला ऐकू यावं म्हणूनच म्हणायचा. मी मेली गप्प."

ओसरीवर भिंतीला नवा पाट उभा होता. शिसवी. कुणी न बसलेला.

संध्याकाळी अक्काने तबक घेतलं. यंदा सण नाही म्हणणारी बाई, पण निरांजन लावलं, सुपारी ठेवली. ज्यांना भाऊ नाही त्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, ती तयारी असेल म्हणून मी मागे गेले. पश्चिमेला बीजेची कोर नुकती दिसायला लागली होती. अक्का परसात उभी राहिली आणि तिने कोरीकडे पाठ केली. पाइपाकडे तोंड करून ती ओवाळायला लागली.

सई हळूच म्हणाली, "आजी, द मून इज धिस साइड."

"दिसतोय बाळ मला," अक्का म्हणाली आणि ओवाळत राहिली.